सालसा की बचाता? चौथ्या मात्रेवर लक्ष ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंच्या भाचीच्या रिसेप्शनला नवरा-नवरी जोडीनं नाचले. डीजेनं माइकवर 'सालसा' पुकारलं, नवरीची मैत्रीण म्हणाली 'बचाटा', आणि देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या मैफिली न चुकवणारे मामा म्हणाले, 'छे, हा वॉल्ट्झ!' आता अल्बममध्ये फोटोखाली काय लिहायचं? हे नाव नाचाचं की गाण्याचं? आणि मराठीत लिहायचं कसं? सोबत ताईंनी वर्णन दिलंय: तीन पावलं एका बाजूला, मग पाय नुसता टेकवून कमरेला हलका झटका, पुन्हा तीन पावलं उलट दिशेला. गाणं इंग्रजी, मागे गिटार, आणि 'कुणीतरी सारखं किसणीवर खोबरं किसतंय असा आवाज'.

त्या किसणीनंच उत्तर दिलंय. हा बचाता.

ते वाद्य म्हणजे ग्वीरा. खरखरीत पृष्ठभागाची पत्र्याची नळी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हातातल्या ताठ तारांच्या ब्रशनं घासायची. कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकचं हे वाद्य आणि बचाताही तिथलाच. जोडीला बोंगो (हातानं वाजवायच्या छोट्या ढोलांची जोडी), बेस आणि दोन गिटार: सुरावट छेडणारी ती रेक्विंतो, ठेका धरणारी ती सेगुंदा. गाणं चालू असताना वादनाची तऱ्हाही बदलते. कडव्यात साधं चालतं त्याला देरेचो म्हणतात, ध्रुवपदाला बोंगो जोरकस होतो तो माहाओ, आणि गायक थांबून गिटार उसळते तो माम्बो. मुरलेली जोडी नेमक्या त्या वळणावर पावलं बदलते. व्हिडिओ असेल तर पुन्हा बघा, नवरा-नवरीनं तसं केलंय का ते कळेल.

गाणं इंग्रजी होतं यानं गोंधळायचं कारण नाही. गाजलेल्या कुठल्याही गाण्याला बोंगो-ग्वीरा चढवून बचाता रिमिक्स केले जातात. त्यामुळे नाच ओळखताना गाण्याच्या भाषेवर जाऊ नये, ठेका ऐकावा.

मामांसाठी वेगळा पुरावा देतो, कारण त्यांचा कान तयार असणार. वॉल्ट्झ तीनच्या वजनाचा. त्याखाली सहा मात्रांचा दादरा ताल बिनतक्रार बसतो. तुमच्या वर्णनातली पावलं तीन अधिक एक, तीन अधिक एक अशी आठात पुरी होतात. म्हणजे आठ मात्रांचा केरवा. मामांनी मांडीवर ठेका धरून पाहावा, दुसऱ्या आवर्तनाला स्वतःच मत बदलतील.

डीजेची चूक जास्त समजण्यासारखी आहे. सालसाही आठातच मोजतात. फरक चौथ्या आणि आठव्या मात्रेला. सालसामध्ये एक-दोन-तीन पावलं टाकून चौथी मात्रा सोडून देतात, मग पाच-सहा-सात, आणि आठवीही तशीच. बचातामध्ये तीच चौथी मात्रा ठसक्यानं दाखवायची असते. तिथेच तो कमरेचा झटका येतो. शिवाय सालसाचा वाद्यमेळ भरगच्च असतो: पियानो, कोंगा आणि तिंबालेस ही तालवाद्यं, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. गिटार पुढे आणि पितळी वाद्यांचा पत्ता नाही, असं असेल तर सालसा म्हणायला मी तयार नाही. डोमिनिकन रिपब्लिकचाच दुसरा नाच, मेरेंगे, तोही लगेच वगळता येतो, त्यात दर मात्रेला एक पाऊल, टेकवणं-थांबणं काही नाही.

नाव आधी कशाचं? संगीताचं, नाचाला ते चिकटलं. आपण लावणी म्हणतो ते गायचीही आणि नाचायचीही, तसंच. त्याही आधी 'बचाता' म्हणजे अंगणात, परसात चार लोक जमून गाणं-बजावणं, खाणंपिणं चालतं ती बैठक. गाण्याच्या या प्रकाराला हे नाव लागलं ते हिणवण्यासाठी. डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो यानं मेरेंगेला डोक्यावर घेतलं होतं. तो 1961 मध्ये मारला गेला, आणि 1962 मध्ये होसे मानुएल काल्देरोननं ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांपासून बचाताची सुरुवात मानतात. पुढची कितीतरी वर्षं हे दारूच्या गुत्त्यातलं, झोपडपट्टीतलं गाणं म्हणून प्रतिष्ठितांनी दूर ठेवलं. विरहाचीच गाणी जास्त, म्हणून गाणाऱ्यांमध्ये 'आमार्गे', म्हणजे कडवटपणा, असंही नाव चालायचं. 1990 मध्ये हुआन लुइस गेर्राचा 'बचाता रोसा' हा अल्बम आला, त्याला ग्रॅमी मिळालं आणि नावाचा डाग पुसला गेला. 2019 मध्ये युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत बचाता घेतला. (तमाशा हा शब्द आठवला ना? फारसीत फेरफटका, मौजेनं पाहणं. मराठीत कलेचं नाव. आणि 'तमाशा करू नकोस' ही शिवी अजून शिल्लक.)

आता लेखन. मैत्रिणीचा 'बचाटा' इंग्रजी मार्गानं आलाय. स्पॅनिश 'त' हा दातांवरचा, हुबेहूब आपल्या 'तारे'मधला. घरात तो असताना 'ट' कशाला उसना घ्यायचा? 'च' मात्र जपून: 'चाक'मधला नव्हे, 'चार'मधला. लिपीत हा भेद दिसत नाही, तेव्हा तोंडानंच सांभाळायचा.

लिंग? स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी. मराठीत नाच पुल्लिंगी, डान्सही पुल्लिंगी, म्हणून 'बचाता केला' हेच रुळेल. 'बचाता केली' कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही, पण स्वतः म्हणणारही नाही. सामान्यरूपाची गंमत आहे. सोफ्यावर बसतो, डब्यात ठेवतो, त्या नियमानं 'बचात्यावर नाचले' व्हायला हवं. कानाला ते अजून खुपतं. 'सालस्यावर' तर कुणीच म्हणत नाही, त्यात एखाद्या सालस मुलाची हाक ऐकू येते. तूर्त 'बचातावर नाचले' चालू द्या, शब्द मुरला की रूप आपोआप बदलेल.

'युगुलनृत्य' लिहू का, हेही ताईंनी विचारलंय. नको. युगुलगीतामुळे त्या शब्दाला रंगमंचाचा वास आहे, दोघांनी प्रेक्षकांसमोर सादर केलेलं काहीतरी. हॉलमध्ये कुणीही कुणाचा हात धरून नाचावं अशा प्रकाराला मला 'जोडीचा नाच' बरा वाटतो. फोटोखाली 'बचाता नाचताना दोघं' एवढं पुरे. आणि तेच गाणं हवं असेल तर डीजेकडून गाण्याच्या नावाबरोबर रिमिक्स कुणाचा तेही विचारून घ्या. मूळ गाणं लावलंत तर किसणी ऐकू येणार नाही.