तबल्याची रियाजवही: मिनिटं नको, लय लिहा

सहा महिने वहीत रोज 'आज ४० मिनिटं' असं लिहिताय, आठवड्यातून एकदा दादरला क्लासला जाताय, तरी हात पुढे सरकला की नाही ते कळत नाही, असं विचारलंत. कळणार कसं? मिनिटांवरून तुम्ही किती वेळ बसलात एवढंच कळतं.

रोज एक ओळ पुरे: तारीख, बोल (तबल्यावर वाजणारी अक्षरं), स्वच्छ लय आणि हात नेमका कुठे अडखळला. स्वच्छ लय म्हणजे ज्या लयीत तीनतालाची (१६ मात्रांच्या तालाची) सलग चार आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेऱ्या, एकही अक्षर न गिळता वाजतात ती. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवलात तर १६ मात्रांचं आवर्तन १६ सेकंदांचं, म्हणजे चारांना ६४ सेकंद. जमलं की ४ ने वाढवा. तीनदा फसलं की थांबा आणि त्याच्या खालचा आकडा लिहा. कसाबसा एकदा गाठलेला आकडा लिहायचा मोह होतो, पण दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात केलीत की मनगट आवळतं आणि 'तिरकिट'मधला 'र' गायब होतो. आकड्यापुढे ठाय (मूळ लय) की दुगुन (तिच्या दुप्पट) हेही हवंच. नुसतं '८०' लिहिलंत तर दोन महिन्यांनी त्याचा अर्थ तुम्हालाच लागणार नाही.

मोजायला दोनच बोल धरा: 'धाधा तिट धाधा तूना' या कायद्याचं मुख (सुरुवातीची मूळ ओळ) आणि 'तिरकिट'. बाकी कायदे (मूळ ओळ फिरवत वाढवायच्या रचना) वाजवा, मोजू नका. मोजणी दहा मिनिटं हात तापल्यावरच, नाहीतर सोमवारचा थंड हात आणि मंगळवारचा तापलेला हात यांची तुलना होते.

रविवारी एक मिनिट रेकॉर्ड करा. पंखा बंद, फोन तीन-चार फुटांवर, तबल्याच्या चटईवर नको, धक्के जातात. बहुतेक फोन आवाजाची पातळी आपोआप सारखी करतात, त्यामुळे डग्गा (डाव्या हाताचा, खर्जाचा) जोरात लागला की हळू हे त्यावरून ठरवू नका; बोलांमधलं अंतर ऐका. तेही दुसऱ्या दिवशी, अर्ध्या वेगात. वाजवल्या वाजवल्या ऐकलं तर कान हाताचीच बाजू घेतो.

आता मुंबईची भानगड. पावसाळ्यात कातडं दमट हवेतली ओल धरतं, पुडी (तबल्यावर ताणलेलं कातडं) सैल पडते, सूर उतरतो, चाटीचा (पुडीच्या कडेच्या पट्टीचा) 'ना' बोदा येतो. तो हाताचा दोष नाही. रेकॉर्डिंगआधी तानपुरा ॲप लावून तबला सुरात मिळवा आणि सूर वहीत लिहा, उदाहरणार्थ काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी). एसीच्या खोलीतून बाहेर आणलेला तबला थोडा वेळ तसाच ठेवून मगच मिळवा. जुलैचा नाद आणि जानेवारीचा नाद शेजारी ठेवून निराश होऊ नका; त्या दोन महिन्यांत फक्त लय ताडून पाहा.

चाळीत रात्री नऊनंतर तबल्यावर फडकं टाकून वाजवत असाल (शेजाऱ्यांचे आशीर्वाद लागतात!), तर त्या ओळीपुढे 'फडकं' लिहा. त्या दिवशी लयीचा आकडा चालेल, पण बोल स्वच्छ होते असं धरू नका, कारण फडक्याखाली चाट आणि लव (चाट आणि मधली काळी शाई यांमधला भाग) यांतला फरकच ऐकू येत नाही.

तीन आठवडे आकडा हलला नाही तर लय वाढवायच्या मागे लागू नका. 'कुठे अडखळला' हा रकाना वरून खाली वाचा. तीच जागा चार-पाचदा दिसली, तर वही क्लासला न्या, तेवढाच तुकडा गुरुजींसमोर वाजवा आणि बोट कुठे पडतंय ते त्यांना बघू द्या.