रंगकाम, दौरे आणि अठ्ठाविसावा आठवडा

प्रश्न : पत्नीला २८वा आठवडा सुरू आहे, पहिलंच बाळ. घराचं रंगकाम अर्धवट आणि मला दर पंधरवड्याला दौरा. आधी काय उरकावं?

उत्तर : आधी धुळीचं काम. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते आईच्या रक्तातून गर्भापर्यंत पोहोचतं. म्हणून रंग कोरडा घासू नका. भिंत ओली करून घासा, दाराला प्लास्टिक लावा, झाडूऐवजी ओलं फडकं वापरा. तेवढे दिवस पत्नीने दुसरीकडेच राहावं, नुसता मास्क पुरत नाही. बाळाची खोली ३४व्या आठवड्याआधी संपवा. रंगाचा वास गेला तरी नव्या प्लायवुडमधून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू बरेच दिवस निघतो. खिडक्या उघड्या ठेवा. ३६व्या आठवड्यानंतरचे दौरे आजच रद्द करा. स्वयंपाकघरातलं कपाट राहिलं तर राहू द्या.