अँकरेजला येताय, आणि जुनी .४४ मॅग्नम घ्यायची का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही, बायको आणि सहा वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर अलास्कात, अँकरेजला येताय. नव्या ऑफिसातला सहकारी आपलं वापरलेलं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसन ६२९, नऊशे डॉलरला देतो म्हणतोय. ‘इथे अस्वलं आहेत, लागेलच.’ घेऊ का? आणि तिथे एकटेपणा येतो का?

आत्ता नका घेऊ. कायदा सरकारी पानांवर सविस्तर आहे, तो मी परत लिहीत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा की तात्पुरत्या व्हिसावर रिव्हॉल्व्हर तर सोडाच, एक काडतूस जवळ असणं हाही केंद्रीय गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नेमबाजीच्या रेंजवर बंदूक भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणंही त्यातच आलं. चालू शिकारी परवाना असेल तर सूट मिळते, पण परवाना संपला की सूटही संपली. अलास्कात २००३ पासून बंदूक लपवून बाळगायलासुद्धा परवाना लागत नाही, म्हणून इथले लोक बिनधास्त सल्ला देतात. तो राज्याचा कायदा झाला. तुमच्या सहकाऱ्याला व्हिसाची अक्षरं कळत नसणार आणि तो देतोय ते आपुलकीनेच. त्याला दुखवू नका.

आता अस्वलांचं. इथे ती खरोखर आहेत, शहराला लागून असलेल्या चुगाच डोंगरात तर आहेतच. पण अस्वल धावून येतं तेव्हा हाताशी दोन-तीन सेकंद असतात आणि .४४चा झटका असा की नवख्याची पहिली गोळी कुठे गेली ते त्यालाही कळत नाही. दुसरी झाडेपर्यंत नळी आभाळाकडे असते. आधी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, घ्या. अलास्कातल्या घटना तपासून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के वेळा रोखलं होतं. स्प्रे विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही, तेव्हा इथे उतरल्यावरच घ्या. शिवाय स्वसंरक्षणात अस्वल मारलंत तर विषय तिथे संपत नाही. लगेच कळवायचं, कातडं सोलून कवटीसकट सरकारजमा करायचं आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यायचा. सोलायचं आपणच. ज्याने आयुष्यात कोंबडीसुद्धा साफ केलेली नाही त्याने याचा जरा विचार करावा.

हे सगळं सांगणाऱ्या माझ्याकडे मात्र .४४ आहे, वापरलेलंच, रुगर रेडहॉक. ग्रीन कार्ड आलं त्याच आठवड्यात घेतलं.

त्या कार्डाआधीची वर्षं कशी गेली ते आपल्या लोकांना सांगायला नको, रांग सगळ्यांना माहीत आहे. माझं घोडं अडलं ते जन्मदाखल्यावर. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बाळाचं नावच नाही, नुसतं ‘मुलगा’. जास्तीचे पुरावे मागणारं पत्र आलं. मग ऐंशीच्या घरातल्या मावशीला रिक्षात घालून नोटरीकडे नेलं, मामाकडून दुसरं प्रतिज्ञापत्र घेतलं, तर एकावर आईच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. मी जन्मलो हे मावशीने शपथेवर सांगितल्याशिवाय मी जन्मलो नव्हतो! तुमच्या तिघांच्या दाखल्यांवर नावं आहेत का ते आजच बघा आणि नसतील तर तिथे असतानाच घालून घ्या. रिव्हॉल्व्हरपेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं.

तर कार्ड हातात आल्यावर दुकानात गेलो आणि बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. नागरिकत्व, जन्मदेश, कार्डाचा नंबर. प्रत्येक फॉर्मवर जे लिहिताना छातीत धडधडायचं तेच सगळं. दुकानदाराने फोन लावला, काही मिनिटांत होकार आला, त्याने हात मिळवला. इतक्या वर्षांत कुठल्याही खिडकीवर मला इतक्या लवकर कुणी ‘हो’ म्हटलं नव्हतं. अस्वल तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. बायकोला हे अजून पटलेलं नाही. परत जायचं झालं तर रिव्हॉल्व्हर भारतात नेणं सोपं नाही, मग त्याचं काय करायचं, यावर आमचं दरवर्षी एकदा भांडण होतं.

पुढेमागे घ्यायची वेळ आली तर जुनं घ्यायला घाबरू नका. बरेच लोक मोठ्या कॅलिबरची हौस म्हणून घेतात, काडतुसांचा एक डबा संपेपर्यंत मनगट धरून बसतात आणि विकून टाकतात. चक्री, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, उघडून रिकामी आहे ना ते स्वतः बघा. मग तिच्यावर अंगठ्याचा हलका दाब ठेवून घोडा (चाप नव्हे, मागची हातोडी) सावकाश मागे ओढा. घोडा पूर्ण चढेपर्यंत चक्री ‘टक्’ करून जागेवर बसली पाहिजे. चढलेला घोडा अंगठ्याने पुढे ढकलून बघा, चाप न दाबता पडला तर तिथूनच नमस्कार. चक्री आणि नळी यांच्यातली फट इंचाच्या चार ते आठ हजारांश भागांइतकी चालते. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या दिसल्या तर कुणीतरी घरी उघडून उद्योग केलेत. विकणाऱ्याने घरी हाताने दारू भरलेली काडतुसं फुकट दिली तरी घेऊ नका. सरावाला .४४ स्पेशल ही कमी जोराची काडतुसं वापरा. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात आणि मनगट वाचतं.

मुलीच्या शाळेचं तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. आम्ही सरळ ‘मराठी’ लिहिलं. मुलगा तेव्हा इंग्रजी गोष्टींची पुस्तकं स्वतः वाचायचा, तरी परीक्षा घेऊन त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत टाकलं आणि बाकीची मुलं गणित करत असताना उठवून दुसऱ्या खोलीत नेऊ लागले. लाजाळू पोर, परीक्षेत अनोळखी बाईंसमोर तोंडच उघडलं नव्हतं. बाई गोड होत्या, यादी मात्र लवकर सुटली नाही. बायको म्हणते, इंग्रजी लिहायला हवं होतं. मी म्हणतो, का म्हणून? त्याला गणित आजही आवडत नाही आणि आम्ही दोघंही त्याचं खापर त्या खोलीवर फोडतो. आणखी एक: मुलांना खेळायला पाठवण्याआधी इथल्या आया विचारतात, ‘घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का?’ त्याचा राग मानू नका, तुम्हीही विचारा. आमची जमिनीला बोल्ट केलेल्या तिजोरीत असते.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. डिसेंबरात जेमतेम साडेपाच तास उजेड, पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि तेव्हा आईकडे दुसऱ्या दिवशीची सकाळ उजाडत असते. फोन तेव्हाच करा, ड जीवनसत्त्व घ्या, गणपतीला या.

सहकाऱ्याला सांगा, ग्रीन कार्डाचे कागद होईपर्यंत थांबणार असशील तर बघू. तोवर त्याने ते विकलेलं असेल, आणि ६२९ बाजारात पुष्कळ मिळतात.