आधी गेजची फाइल उघडा

तुमच्या पोस्टमधला साकीनाक्याचा गाळा, लेथवर टर्न केलेले पार्ट्स आणि गिऱ्हाइकाचा मेल : ‘सहा महिन्यांत आयएटीएफ १६९४९ (वाहनउद्योगाचं क्वालिटी सर्टिफिकेट) आणा, नाहीतर नवीन आरएफक्यू, म्हणजे नव्या कामासाठी भावाची विचारणा, विसरा.’ तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, ही मीच लिहिलीय की काय! माझा गाळा भांडुपला, बाकी सगळं तेच.

पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), कंट्रोल प्लॅन (उत्पादनात काय कसं तपासायचं त्याचा तक्ता) तुम्ही देतच असाल, त्यावर बोलत नाही. मला आडवं पाडलं ते कॅलिब्रेशनने, म्हणजे गेज आणि मापाची साधनं अचूक आहेत का याच्या लॅबमधल्या तपासणीने. लॅबच्या दारावर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) ठसठशीत पाटी, म्हणून मी दर वर्षी आलेला कागद न वाचता फाइलला लावत गेलो. स्टेज टूला, म्हणजे आयएटीएफच्या मुख्य ऑडिटला, ऑडिटरने एम८च्या थ्रेड प्लग गेजचं (भोकातले आटे तपासायच्या मापकाचं) सर्टिफिकेट काढलं, वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “एनएबीएलचा लोगो कुठाय?” मायक्रोमीटरच्या कागदावर होता, गेजच्या नव्हता. लॅबच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या तपासण्यांच्या यादीत, थ्रेड गेज नव्हतेच. मेजर एनसी, म्हणजे ऑडिटमधली मोठी त्रुटी!

लॅबला फोन केला तर म्हणे, “तुम्ही एनएबीएलवालं मागितलंच नव्हतं.” अहो, पण तुमच्याकडे ते होतं तरी का? असो. दुसरीकडून तपासून घेतलं तर दोन गो गेज (चांगल्या आट्यात जायलाच हवं ते गेज) घासलेले निघाले. घासलेलं गो गेज घट्ट आटेही पास करतं, म्हणजे चुकीचा माल गेलेला असू शकतो : गिऱ्हाइकाला कळवा, त्याच्या स्टोअरमध्ये माणूस बसवा, एकेक पार्ट तपासून शंभर टक्के सॉर्टिंग करा. पैशांपेक्षा तो फोन करणं जड गेलं.

तेव्हा लॅबचा स्कोप एनएबीएलच्या वेबसाइटवर स्वतः बघा, तुमच्या गेजच्या नावाने आणि रेंजसकट. कागदावर लोगो आणि युएलआर नंबर (त्या रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक) हवा.

सहा महिन्यांचं मला अवघडच दिसतं. इंटर्नल ऑडिट आणि परफॉर्मन्सचा १२ महिन्यांचा रेकॉर्ड लागतो. तो नसेल तर ‘लेटर ऑफ कन्फॉर्मन्स’ (पूर्ण सर्टिफिकेटआधी मिळणारं पत्र) चालेल का, हे गिऱ्हाइकाला आत्ताच लेखी विचारा. तुमचा कन्सल्टंट ‘तीन महिन्यांत देतो’ म्हणतोय, त्याला सर्टिफिकेशन बॉडीचं नाव विचारा आणि ते आयएटीएफच्या मान्यताप्राप्त यादीत शोधा. आयएसओ ९००१ देणारा प्रत्येक जण हे देऊ शकत नाही. मी काही ऑडिटर नाही, नियम बदलतात, बॉडीकडून खात्री करून घ्या.

जाता जाता : हीट ट्रीटमेंट बाहेर करत असाल तर त्या माणसाला सीक्यूआय-९ (हीट ट्रीटमेंटची प्रक्रिया तपासायची वाहनउद्योगातली पद्धत) विचारा. माझा म्हणाला होता, “हे कुठलं मशीन?”