रिपोर्टातला मणका आणि दुखणारी कंबर

प्रश्न : तासगावजवळ माझी द्राक्षबाग आहे, वय ५०. चार महिने कंबर धरलीय. एमआरआयमध्ये गादी सरकल्याचं आलं. तेव्हापासून वाकणं, ट्रॅक्टर, सगळं बंद. तरी दुखणं वाढतंय. छाटणी तोंडावर आलीय. ऑपरेशन करावं का?

उत्तर : आधी हे पाहा : पायातला जोर कमी झालाय, लघवी-संडासवरचा ताबा सुटलाय, बैठकीचा भाग बधिर झालाय, ताप आहे, वजन घटलंय? यातलं काही असेल तर पुढचं वाचू नका, आजच मिरजेचं मोठं हॉस्पिटल गाठा. नसेल, तर ऑपरेशनची घाई नको. कंबर अजिबात दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांचे एमआरआय काढले, तरी साधारण ६० टक्के जणांत गादी फुगलेली दिसते. रिपोर्टात ही एक ओळ छापली, तर कितीतरी लोक धास्ती न घेता घरी जातील.

तुमचं दुखणं वाढलं ते रिपोर्ट हातात आल्यावर, हे तुम्हीच लिहिलंय. वाकलो तर मणका जाईल म्हणून पडून राहायचं. पडून राहिल्यानं स्नायू ढिले. मग जरा हललं की चमक, आणि भीती आणखी पक्की. स्कॉटलंडचे अस्थिरोगतज्ज्ञ गॉर्डन वॅडेल यांनी १९८७ मध्येच सांगितलं, की कंबरेसोबत माणसाचं मन आणि परिस्थितीही तपासा. म्हणून विचारतो : झोप लागते का? बागेवर कर्ज किती? रोज ठरावीक वेळ चाला, बागेतलं हलकं काम घड्याळ लावून करा. बरं वाटतंय म्हणून जास्त नको आणि थोडं दुखलं म्हणून सुट्टीही नको.

प्रश्न : डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. सासूबाई म्हणतात, 'बघा, नाटकच होतं.' (विटा)

उत्तर : नाटक नाही. अपुरी झोप आणि उदासी असली की तीच कळ मेंदूला जास्त जाणवते. नैराश्यावरची ड्युलॉक्सेटीन ही गोळी जुनाट कंबरदुखीतही वापरतात; दिली तर मनानं बंद करू नका. पुढच्या वेळी सासूबाईंनाही सोबत न्या. त्यांनी हे माझ्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं बरं.

प्रश्न : जुनी कंबरदुखी आहे. पट्टा बांधू की कंबर ताणायला वजन लावून (ट्रॅक्शन) घेऊ? (इस्लामपूर)

उत्तर : दोन्ही नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या सूचनाही हेच सांगतात. त्यांत व्यायाम आहे, समुपदेशन आहे, पट्टा नाही.