खर्चाचा गिनी, मिळकतीचा गिनी

प्रश्न : उत्पन्नाच्या समानतेत भारत जगात चौथा आहे, असे जुलै २०२५ मधील सरकारी पत्रकाच्या हवाल्याने वाचले. देशातील ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे आहे, असेही वाचनात येते. खरे कोणते मानावे? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : दोन्ही आकड्यांना आधार आहे, पण त्यांत मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. पत्रकातील २५.५ हा गिनी निर्देशांक जागतिक बँकेचा आहे. सर्वांना सारखे असेल तर शून्य आणि सारे एकाच्याच पदरात असेल तर शंभर, असे हे माप. मात्र भारताचा आकडा २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीवरून काढला आहे, म्हणजे लोकांनी काय कमावले हे तो सांगतच नाही. यादीत आपल्या वर असलेल्या स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनियाचे आकडे मात्र उत्पन्नाचे आहेत. अशा यादीतल्या क्रमांकाला आम्ही फारशी किंमत देणार नाही.

खर्च आणि मिळकत यांतले अंतर तुमच्या भागात कुणालाही ठाऊक असते. ऊसतोडीला जाणारे जोडपे, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेते आणि ती किराण्याच्या उधारीत नि दवाखान्यात जाते. पाहणीत हा सारा उपभोग म्हणून नोंदला जातो, पण तो भागलेला असतो अजून न केलेल्या श्रमांच्या मजुरीवर. उलट, महिन्याला पंधरा लाख मिळवून दोन लाख खर्चणाऱ्याचे उरलेले तेरा लाख शेअर आणि जमिनींत जातात नि या मोजणीतून निसटतात. (शिवाय, बंगल्याच्या फाटकाशी पाहणी करणाऱ्याला कितपत दाद मिळते, हा प्रश्न आहेच.)

४० टक्क्यांचा आकडा पॅरिसच्या ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या २०२४ मधील निबंधातला आहे. त्यानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातील वाटा २२.६ टक्के, तर संपत्तीतील ४०.१ टक्के होता. प्राप्तिकराची आकडेवारी, पाहण्या आणि अब्जाधीशांच्या याद्या जोडून केलेला हा अंदाज आहे, त्यामुळे त्यातील गृहीतकांवर आक्षेप घेता येतात. पण नेमक्या नोंदी नाहीत याचा काही दोष आपल्याकडेही येतो. मृताच्या मालमत्तेवरील इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली आणि संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. वसुली थोडी आणि खटाटोप फार, हे तेव्हाचे कारण खोटे नव्हते. मात्र कराबरोबर कुणाकडे किती आहे याची त्यातून मिळणारी नोंदही गेली.

राहता राहिला उत्पन्नाच्या समानतेचा दावा. जागतिक बँकेच्या ज्या टिपणातून २५.५ हा आकडा उचलला, त्याच टिपणात भारतातील उत्पन्नाचा गिनी २००४ मधील ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेल्याचाही उल्लेख आहे. पत्रकात तो नाही.