मूस कारखान्यात काय बनत असे?

प्रश्न असा आला आहे : कॅनडातल्या एका 'मूस कारखान्या'चा उल्लेख वाचला, स्थापना १६७३. इतक्या लवकर तिथे कारखाना कसा, आणि त्यात बनत काय होतं?

सोनाराच्या मुशी नक्कीच बनत नव्हत्या. मूळ नाव 'मूस फॅक्टरी'. मूस हा तिकडचा सांबराच्या जातीचा अगडबंब प्राणी. त्याच्या नावाची नदी, नदीत बेट आणि बेटावर हडसन्स बे कंपनी या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीचं ठाणं. 'फॅक्टरी' दिसली की डोळे मिटून 'कारखाना' ठोकणाऱ्या भाषांतरकारांचं काय करावं? आपल्याकडे यासाठी शब्द आहे, शाळेत पाठ केलेला आहे. शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापुरात इंग्रजांचा कारखाना लुटला असं कुणी लिहितं का? वखार! (आणि 'वखार' हा 'वेअरहाऊस'चा अपभ्रंश आहे, हे कृपा करून पुन्हा ऐकवू नका. प्राकृतात 'वक्खार' आहे, आणि तेव्हा इंग्रजांचा इथे मागमूसही नव्हता.)

आता खरी गंमत. फॅक्टरी म्हणजे फॅक्टरची जागा. पोर्तुगीजांचा 'फेइतोर' तोच, 'फेइतोरिया'ही तीच. लॅटिनमध्ये 'फाकेरे' म्हणजे करणे, म्हणून फॅक्टर म्हणजे 'करणारा', मालकाच्या वतीने काम करणारा. फारसीत 'कार' म्हणजे काम आणि 'कुन' म्हणजे करणारा. कारकून! घडण हुबेहूब तीच. शिवाय हा 'कुन' आपल्या वैदिक 'कृणोति'चा सख्खा भाऊ आणि 'कार'ही त्याच कुळातला. म्हणजे एका कारकुनात 'कृ' धातू दोनदा बसला आहे. बिचारा कामाने वाकलेला असतो तो उगाच नाही.

फॅक्टरला 'अडत्या' म्हणावं, असं काही कोशप्रेमी सांगतात. अडत्या अडत घेतो, हा पगार घेत होता. 'गुमास्ता' त्यातल्या त्यात बरा, पण त्याचा अर्थ 'नेमलेला'. त्यात करणं कुठे आलं? सुरतेच्या वखारीत सर्वांत खाली 'रायटर' आणि त्याच्या वर फॅक्टर असे, तेव्हा कारकून म्हणजे रायटर, हा आक्षेपही मला तोंडपाठ आहे. तो पगाराच्या पायरीचा प्रश्न झाला. मी शब्दाच्या पोटात काय आहे ते सांगतोय. मात्र एक कबूल करायला हवं : धातूच्या हिशेबाने 'कार-खाना' अगदी चपखल बसतो. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांतही अंबरखाना, जामदारखाना अशी कोठारं होतीच. पण आजच्या वाचकाला कारखाना म्हटलं की धुराडं दिसतं, त्याला इलाज नाही.

तर तुमचा प्रश्न. मूसच्या वखारीत क्री, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, बीव्हर या दाट लवेच्या पाणप्राण्याची कातडी आणत आणि बंदुका, किटल्या, घोंगड्या नेत. एक चांगलं, पूर्ण वाढलेल्या बीव्हरचं कातडं हेच नाणं, बाकी सगळ्या मालाचा भाव त्यात. गिऱ्हाईक होते युरोपातले टोप्या बनवणारे. त्यांना वरचे राठ केस नको असत, खालची मऊ लव हवी असे. म्हणून क्रींनी वर्ष-दोन वर्षं अंगावर वापरलेलं, राठ केस झडून गेलेलं जुनं कातडं कोऱ्यापेक्षा महाग जाई. वापरलेल्या कपड्याला जास्त भाव! हा धंदा बळकावायला १६८६ साली फ्रेंच माँट्रियलहून नद्यानद्यांतून, मध्येमध्ये होड्या खांद्यावर घेऊन आले आणि त्यांनी वखार जिंकली. कंपनीने १७३० मध्ये ती पुन्हा उभारली. गाव आजही आहे, क्री लोकांचंच.

पुढे तिथे लोहाराचा भाता होता, होड्याही बांधत. तेवढ्यावर 'कारखाना' म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग राजापूरलाही म्हणा.